सेकंदाला पन्नास

आमच्या घरात वर्षभर लग्नं चालायची, फक्त ताईचं सोडून. खाली अण्णांचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आणि वर आम्ही. नांदेडच्या वजिराबादेतल्या त्या दोन खोल्यांत सकाळी डोळे उघडले की कुणाच्या तरी मुलीची पाठवणी सुरू असे. ताई संगणकापुढे बसून लग्नं कापायची, म्हणजे शूटिंगमधलं नको ते काढून उरलेलं जोडायची. त्यामुळे एकाच मंगलाष्टकाची एकच ओळ अर्धा दिवस मागे-पुढे होत राही आणि आई त्याच तालावर भाकरी थापायची. नवरीची आई हुंदका देई, ताई तो हुंदका मागे नेई आणि परत द्यायला लावी. आम्ही ते बघत जेवायचो. भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि परक्याचं रडणं. आजही कुणाच्या पाठवणीला मला पाणी येतं ते डोळ्यांना नाही, तोंडाला येतं.

अण्णांना माणसं दिसत नसत, चित्र दिसे. मयतीला गेले तरी उजेड कुठल्या बाजूने येतोय ते बघत उभे राहत. हे मी कौतुकाने सांगत नाही. असा माणूस बाप म्हणून वाट्याला आला की कौतुक शेजाऱ्यांनी करायचं असतं. केसांना मेंदी, खिशाला कंगवा आणि बोलणं असं की समोरच्याने एकदा ऐकलं की आठवडाभर चघळावं. आई त्यांच्यापुढे कधी पूर्ण वाक्य बोलली असेल तर ते मी ऐकलेलं नाही. मी घरातली धाकटी, मला सगळे बारकी म्हणत. ताईचं नाव सुवर्णा, पण अण्णा रागात असले की सुवर्णे म्हणत, त्यामुळे तिला तेच नाव जास्त ऐकू येई.

तर अशा घरात तो नवीन कॅमेरा आला. अण्णांनी त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि आम्हा तिघींना समोर बसवून सांगितलं, की आतापर्यंत आपण सेकंदाला पंचवीस चित्रं घेत होतो, हा पन्नास घेतो. सिनेमावाले बिचारे अजून चोवीसवर अडकलेत. "हात हलला तर हात दिसणार. पाणी सांडलं तर थेंब न् थेंब दिसणार. पार खऱ्यासारखं, काय?" आईने मान हलवली. ती बिचारी आमच्या सगळ्याच गोष्टींना मान हलवायची. अण्णांनी लगेच कॅमेरा उचलला, चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, भाकरी थापणाऱ्या आईचंच शूटिंग केलं आणि टीव्हीला वायर जोडून आम्हाला दाखवलं.

मी ते विसरलेले नाही. पडद्यावर आमची आई नव्हती, एक थकलेली बाई होती. गळ्याखाली लोंबणारी कातडी, वरच्या ओठावर घाम, भाकरी थापताना दर थापेला हलणारी गालफडं. सगळं इतकं गुळगुळीत आणि इतकं जवळ, की टीव्ही नाही, खिडकीतून शेजारणीच्या घरात डोकावतोय असं वाटलं. आई म्हणाली, "ही मी हाय?" अण्णा हसले. "मंग कोण हाय? रोज आम्ही हेच बघून राहिलो." आईने पदर ओठांवरून फिरवला आणि आत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती टीव्हीकडे पाठ करूनच बसायची, तिच्या आवडीची मालिका लागली तरी.

ताईने काय केलं, तर तेच शूटिंग अण्णा बाहेर गेल्यावर पंचवीसवर आणलं. वर थोडा उजेड कमी केला. आईला हाताला धरून आणून बसवलं. आता भाकरी थापणारा हात आणि पिठाचा धूर एकत्र होत होता, चेहरा हलला की जरासा विरघळत होता, आणि ती बाई एखाद्या जुन्या सिनेमातल्या आईसारखी, म्हणजे आमच्या आईपेक्षा बरी दिसत होती. आई बराच वेळ बघत राहिली. "आता बरी दिसली," एवढंच म्हणाली. तेवढ्यात अण्णा जिना चढून आले.

"खोटं करून राहिली तू, सुवर्णे."

"खोटं नाही अण्णा. डोळ्याला थोडी जागा सोडावी लागते. सगळंच दाखवलं की लग्न दिसत नाही, मंगल कार्यालय दिसतं. गिऱ्हाईक म्हणतात, सिरियलसारखं वाटतंय, पिक्चरसारखं करा."

"खऱ्यात कुठं पुसट दिसतं गं? दुनिया काय पंचवीसनं चालती का?"

"हात हलवून बघा डोळ्यांसमोर. पुसटच दिसतो."

अण्णांनी खरंच हात डोळ्यांसमोर हलवला. आम्ही तिघी बघत राहिलो. "मला तर साफ दिसून राहिला," ते म्हणाले आणि विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपत.

ताईचं म्हणणं बरोबर होतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण तिला पंचवीस का हवं होतं, याचं दुसरं कारणही मला माहीत होतं. लहानपणी तिचा डावा पाय मोडला होता आणि हाडवैद्याने बसवला तो तिरकाच बसला. उभी असली की काही कळत नसे. चालताना ती डावं पाऊल किंचित उशिरा उचलायची आणि कंबर एका बाजूने वर जायची, इतकंच. ती सावकाश चालायची, निऱ्या जरा मोठ्या घालायची, आणि पंचवीसच्या चित्रात त्या निऱ्यांच्या हालचालीत ते सगळं मिसळून जायचं. पन्नासमध्ये मिसळत नव्हतं. घरात या पायाबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. दुसऱ्यांच्या घरी पाहुणे आले की मुलगी आतून येते. आमच्याकडे पाहुणे यायच्या आधीच मुलगी बाहेर खुर्चीत बसलेली असे आणि पोह्यांच्या बश्या मी नेत असे. मग कुणीतरी जाणती बाई गोड आवाजात म्हणायची, "जा गं, जरा पाणी घेऊन ये." ताई उठायची, आत जायची, पाणी आणायची, आणि ते पाणी पिऊन पाहुणे जायचे ते जायचेच.

पुढे पुढे आमच्या भागातल्या लोकांनी याहून सोयीची रीत काढली. सोयरीक बघताना मुलीकडे जायच्या आधी तिच्या नात्यातल्या एखाद्या लग्नाचं शूटिंग मागवून घ्यायचं. खुर्चीत सगळ्याच पोरी सीता असतात. लग्नात कुणाचं लक्ष नाही असं वाटलं की त्या हसतात कशा, जेवतात कशा, चालतात कशा, ते घरबसल्या दिसतं. ही रीत अण्णांच्या धंद्याला मानवली. दुसऱ्यांच्या किती पोरी अशा आमच्या दुकानातून गुपचूप बघितल्या गेल्या असतील, त्याचा हिशेब देवाकडे असेल.

लातूरला मामाच्या मुलीचं लग्न झालं. अण्णांनी ते पन्नासवर काढलं. ताई करवली होती, हातात दिव्यांचं ताट घेऊन नवरीच्या पुढे चालणारी. तिथेच अविनाशने तिला पाहिलं. नवरदेवाचा मित्र, तिकडे एका क्लासात फिजिक्स शिकवायचा. लातुरात तेव्हाही शिकणाऱ्या पोरांपेक्षा शिकवणारेच जास्त वाटायचे. बोलायला मऊ, चष्मा पुसण्याची सवय. त्याने मामेबहिणीकडून नंबर घेतला आणि आमच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांची राखण करता करता, ताई फोनवर बोलू लागली. मी तिला तसं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. तोंडावर हात न घेता हसायची. पायाचं तिने आपणहून पहिल्याच आठवड्यात त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, मी बघितलंय, मला काही वाटत नाही. फक्त आईला मी माझ्या पद्धतीने सांगतो, सुपारी फुटली की. तोवर तू बोलू नकोस. हे ताईने मला सांगितलं तेव्हा ती कुरडया उलथत होती आणि तिच्या हातून दोन मोडल्या. "बारके, त्यानं बघून हो म्हटलंय," ती म्हणाली. "बघून." त्या एका शब्दावर ती महिनाभर जगली.

अपेक्षेप्रमाणे लातूरहून अविनाशच्या घरचा निरोप आला, त्या लग्नाचं शूटिंग पाठवा. ताईने रात्र-दिवस एक करून ते कापलं. पंचवीसवर आणलं, सुरेख केलं. स्वतःला तिने काढून टाकलं नाही, तेवढी ती शहाणी होती. बसलेली, हसणारी, आजीला घास भरवणारी अशी ठेवली, आणि दिव्यांचं ताट घेऊन चालतानाचा भाग ठेवला तोही पुढून, कमरेपासून वर. पेनड्राइव्ह गेला. होकार आला. सुपारी फोडायची तारीख ठरली. आई त्या आठवड्यात दोनदा पूर्ण वाक्यं बोलल्याचं मला आठवतं.

ते आले दुपारी. अविनाश, त्याची आई आणि एक मामा. त्याची आई शाळेत मुख्याध्यापिका होती. ताठ, बारीक किनारीची साडी, आणि समोरच्याला बघायची ते तपासायला आलेल्या वहीसारखं. ताई नेहमीप्रमाणे आधीच खुर्चीत बसलेली. मी चुरमुऱ्यांचा सुशला आणि भजी नेली. अविनाशने ताईकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि चष्मा पुसला. पाटावर नारळ, सुपाऱ्या, पेढे मांडलेले. सगळं इतकं नीट चाललं होतं की आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून चक्क हसत होती. आणि तेवढ्यात त्या बाई अण्णांना म्हणाल्या, "शूटिंग फार छान होतं बरं का भाऊ. अगदी पिक्चरसारखं."

बस. एवढंच. चांगलं बोलल्या त्या.

अण्णांचा घास तोंडातच राहिला. "पिक्चरसारखं?" ते म्हणाले. "विहीणबाई, त्यो माझा माल न्हाई. ह्या पोरीनं मोडतोड करून पाठवलंय. थांबा, असली दाखवतो." आई दारातून म्हणाली, "अहो, चहा तर..." पण अण्णा उठलेच होते. तेव्हा आमच्याकडे नवा मोठा टीव्ही आला होता, गिऱ्हाइकांना दिपवायला. त्यावर त्यांनी मूळचं लग्न लावलं. सेकंदाला पन्नास. अविनाशचे मामा म्हणाले, "अरे वा, समोर बसल्यावानी दिसून राहिलं की." अण्णांची छाती फुगली. मी ताईकडे बघितलं. ती खुर्चीच्या हातांना धरून बसली होती. तिला उठून वायर काढता आली असती. पण उठायचं म्हणजे चालायचं, आणि खुर्चीपासून टीव्हीपर्यंत सगळी खोली मधे होती. ती उठली नाही. मला तिचं ते न उठणं अजून दिसतं, आणि ते दिसायला कुठल्याच कॅमेऱ्याची गरज नाही.

"आता मजा बघा," अण्णा म्हणाले. "पन्नास असलं की चाल निम्म्यावर आणता येती, हळू करता येतं. पंचवीसवाल्याला हे जमायचं न्हाई." आणि त्यांनी निवडून निवडून त्यांचा सगळ्यात आवडता भाग लावला. दिव्यांचं ताट घेऊन चालणारी करवली, मागून, डोक्यापासून टाचेपर्यंत. कॅमेरा हातात धरून ते तिच्या मागे मांडवभर चालले होते, आणि चित्र जरासुद्धा हललं नव्हतं. हलत होती ती ताई. संथपणे, तेल ओतल्यासारखी, तिची कंबर वर जाई, डावं पाऊल जमिनीला चिकटून राही, सुटे, आत वळे, टेके.

"बघा, पदराची घडी न् घडी दिसून राहिली."

"भाऊ, जरा परत लावा," अविनाशची आई म्हणाली.

अण्णांनी आनंदाने परत लावलं.

"आणखी हळू होतं का हो?"

"होतं की! न व्हायला काय झालं?" आणि त्यांनी आणखी हळू केलं. खोलीत कुणी चावत नव्हतं. भजी हातातच राहिली होती. त्या बाईंनी बोट टीव्हीकडे केलं, वर्गात फळ्याकडे करावं तसं. "मुलीचा डावा पाय बघितला का तुम्ही?"

माझ्या बापाने पुढे वाकून बघितलं. खरंच वाकून बघितलं, जन्मात पहिल्यांदा बघत असल्यासारखं. मग त्यांचा चेहरा उजळला. "हाव!" ते म्हणाले. "पंचवीसमध्ये दिसलं नसतं हे!"

त्या बाई मुलाकडे वळल्या. "तुला माहीत होतं का रे हे?"

अविनाशने चष्मा काढला, पुसला, घातला. टीव्हीवर ताईचं पाऊल अजून जमिनीपासून सुटायचं होतं. "नाही," तो म्हणाला.

मी त्या माणसाचा आजही तिरस्कार करते. लग्न होऊन मी लातूरलाच आले, त्यामुळे तो मला भाजी घेताना कधीमधी दिसतो. पोट सुटलंय, कोथिंबिरीची जुडी नाकाला लावून बघतो. मी ओळख देत नाही. बघून हो म्हणणारा माणूस.

त्याच्या आईने मग तेच केलं जे सगळ्या करत. गोड आवाजात म्हणाली, "उठ गं बाळा, जरा पाणी घेऊन ये." तेव्हा ताई उठली. सावकाश नाही, निऱ्या सांभाळत नाही, तर आम्ही दोघीच घरी असताना ती जशी चालायची तशी, झपझप आणि डुलत. आत गेली, तांब्या-पेला घेऊन आली, आणि बाईंना ओलांडून तो अविनाशपुढे धरला. "घ्या सर," ती म्हणाली. "घसा कोरडा पडला असेल." त्याने घेतलं. प्यायला सुद्धा.

ते गेल्यावर पाटावरच्या सुपाऱ्या तशाच होत्या. अण्णांनी त्यातली एक अडकित्त्याने कातरली आणि तोंडात टाकली. "त्यांच्यात पहिल्यापासून खोट व्हती," ते म्हणाले. "कॅमेऱ्याचा काय दोष?" आईने पेढे डब्यात भरले. भजी वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही ती रात्री खाल्ली.

ताईने त्यानंतर अण्णांशी पंचवीस-पन्नासवर एक अक्षर काढलं नाही. जे येईल ते पन्नासवर कापून द्यायची. गिऱ्हाईक कुरकुरले, सिरियलसारखं दिसतंय म्हणाले, तर म्हणायची, "खरं तसंच असतं काका." तिला पुढे स्थळं आली, तिने कुणाला घरात येऊ दिलं नाही. आता दुकान तिचंच आहे आणि चांगलं चालतं. माझ्या घरी हल्ली जो टीव्ही आहे तो चोवीस चित्रांच्या मधे आपल्या मनाची चित्रं घालतो आणि जुने सिनेमेसुद्धा आमच्या हॉलमध्ये काढल्यासारखे दाखवतो. माझा नवरा म्हणतो, केवढं स्वच्छ. मुलगी म्हणते, बाबा, वाट लागली पिक्चरची, आणि कुठलंसं बटण दाबून ते बंद करते. दोघे माझं मत विचारतात. मी म्हणते, मला काही कळत नाही त्यातलं.

अण्णांना अलीकडे कंपवात झालाय. हात थरथरतो, पाय उचलत नाहीत, घासत जातात, आणि तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ येते ती त्यांना कळत नाही. आई ती पुसते. त्यांची सत्तरी झाली तेव्हा नांदेडच्या घरी सगळे जमलो. सत्तर दिव्यांनी ओवाळायचं म्हणून अण्णा आतल्या खोलीतून पाटापर्यंत चालत आले, आणि ताई मोबाइल घेऊन त्यांच्या मागे चालली. मागून, डोक्यापासून टाचेपर्यंत. मी ते बघितलं आणि मला कळलं. मी तिला थांबवलं नाही, थांबवावंसं वाटलंही नाही.

जेवणं झाली, पाहुणे पान खात बसले, तेव्हा तिने ते टीव्हीवर लावलं. एकाने म्हटलं, वा. मग तिने ते हळू केलं. पडद्यावर सत्तर वर्षांचा एक माणूस फरशीला तळवे घासत चालला होता. हात मांडीवर आपोआप आपटत होता, आणि तो पाटापाशी वळला तेव्हा लाळेची तार ओठापासून सुटून, लांबून, सदऱ्यावर टेकली. सगळं स्वच्छ. आई म्हणाली, "बंद कर पोरी." ताई म्हणाली, "आणखी हळू होतं की," आणि तिने आणखी हळू केलं. तिचा चेहरा मला दिसत होता. इतकी वर्षं ती ज्या एका क्षणासाठी थांबली होती तो आला होता, आणि ती टीव्हीकडे नाही, अण्णांकडे बघत होती.

अण्णा पुढे वाकले. मान हलत होती तरी डोळे पडद्यावर रोवलेले. "कितीवर काढलं गं?"

"एकशेवीसवर."

"एकशेवीस!" त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. मी तो उजेड ओळखला. "काय साफ आलंय... पायाचं बघ, कसं घासून राहिलं. लाळ बी दिसली. पंचवीसमध्ये दिसलं असतं का हे, सांग? मी म्हणलो व्हतो. परत लाव."

ताईने ते परत लावलं. मग मोबाइल तिने टीव्हीखाली ठेवला आणि आत जायला निघाली. सगळ्यांच्या समोरून, त्या मोठ्या पडद्याच्या उजेडातून, डावं पाऊल उशिरा उचलत.

"आडवी नको येऊ, सुवर्णे," अण्णा म्हणाले. "काही दिसून न्हाई राहिलं."